जेवताना ती पाच नावं वाचू नका

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी इंदिरानगरला ताईकडे गेले होते. जिन्याखाली भाच्याची सायकल दिसली, दोन्ही टायर पार बसलेले. पंक्चर नव्हतं. दाजींनी हवा सोडून व्हॉल्व्ह काढून ठेवले होते. बारावीतला हा पोरगा दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर गंगापूर धरणापर्यंत जाऊन साडेआठला घरी यायचा. ते बंद झालं होतं. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलेलं: साडेचारला उठणे, साडेअकराला झोपणे, मधल्या सगळ्या चौकोनांत विषय.

हे कुठून आलं म्हणून विचारलं, तर ताईनं मोबाइल पुढे केला. ‘नाशिकच्या पालकांनो, जागे व्हा! सीईटी, नीट, जेईईत ९९ पर्सेंटाइलची सात सूत्रं.’ बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांबद्दलचा हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरून क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर आणि तिथून नातेवाइकांत. त्या आठवड्यात मला एकटीला तो चार जणांनी पाठवला. लिहिणाऱ्याचं नाव कुठेही नाही, ‘अनुभवी मार्गदर्शकाकडून साभार’ एवढंच.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. दर पावसाळ्यात प्रवेशाच्या वेळी एफसीवर, म्हणजे सुविधा केंद्रावर, कागद तपासायला बसते. हे मेसेज वाचून घेतलेल्या निर्णयांचं काय होतं ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आईबापांच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून हे उत्तर लिहिते आहे. ज्यांनी मला मेसेज पाठवला त्या चौघांनाही पाठवणार आहे.

सर्वांत आधी पाचवं सूत्र, कारण बाकीची चुकीची आहेत आणि हे घातक आहे. शब्द असे: ‘रोज रात्री जेवताना पाल्यापेक्षा जास्त मार्क पडलेल्या पाच मुलांची नावं व मार्क मोठ्यानं वाचून दाखवा. अपमानातून जिद्द पेटते.’

दाजी हे खरोखर करत होते. मी त्या रात्री जेवायला थांबले. मेथीची भाजी, भाकरी, आणि दाजींनी खिशातून चिठ्ठी काढली. क्लासच्या टेस्टमधली पाच नावं. तिसरं नाव भाच्याच्या बालवाडीपासूनच्या मित्राचं होतं. पोरानं मान वर केली नाही. हातातला तुकडा पुन्हा ताटात ठेवला, पाणी प्यायला आणि ‘अभ्यासाला बसतो’ म्हणून उठला. ताटात पाऊण भाकरी तशीच. ज्याच्याशी बोलून मन मोकळं करावं असा एक मित्र होता, तोही आता त्याला चिठ्ठीतलं एक नाव म्हणून समोर येतो. यातून जिद्द पेटत नाही, घरात जेवायची भीती वाटायला लागते.

‘तुला मूल नाही, तुला काय कळणार’ हेही मी त्या रात्री ऐकलं. ठीक आहे, माझं ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाचं ऐका. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. देशभरच्या शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लासेस आणि वसतिगृहं यांना लागू होतील अशी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं त्यात घालून दिली आहेत. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या वेगळ्या करू नका, चारचौघांत पाणउतारा करू नका, झेपणार नाहीत अशी लक्ष्यं देऊ नका, हे त्यात स्पष्ट आहे. पालकांसाठी नियमित जागृती कार्यक्रम घ्या, मुलांवर अवाजवी दडपण आणू नये हे त्यांना समजावा, असंही आहे. क्लासनं जे करायचं नाही असं देशाचं सर्वोच्च न्यायालय सांगतं, ते बापानं जेवणाच्या ताटावर करायचं?

त्याच निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे आहेत. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २,२४८ परीक्षेतल्या अपयशामुळे झाल्याची नोंद आहे. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला. एखाद्या मुलाच्या मृत्यूला एकच कारण कधी नसतं, आणि दाजींना घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण मूल जेवण टाकायला लागलं, बोलेनासं झालं, झोप उडाली, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं म्हणायला लागलं, तर आधी वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू. पालकही फोन करू शकतात. फ्रिजवर काही चिकटवायचंच असेल तर हा नंबर चिकटवा.

आता मथळ्यातलं ९९ पर्सेंटाइल आणि पहिलं सूत्र: ‘रोज सोळा तास अभ्यास, पाच तास झोप केली तर ९९ पर्सेंटाइल शंभर टक्के मिळणारच.’ ज्यानं हे लिहिलं त्याला पर्सेंटाइल म्हणजे काय हेच ठाऊक नाही. टक्के आपल्या पेपरवर ठरतात, पर्सेंटाइल इतरांच्या तुलनेत ठरतं. ९९ पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्या शंभरातली साधारण ९९ मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे. हजार मुलं बसली तर त्याच्या वर दहाच्या आसपासच जागा आहेत. समजा हा मेसेज महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोहोचला आणि प्रत्येक मुलानं सोळा तास अभ्यास केला. तरीही ९९ च्या वर हजारात दहाच राहणार. उरलेली ९९० मुलं सोळा तास बसूनही मागेच, आणि त्यांचे आईबाप समजणार की आपलंच पोर कमी पडलं. जे गणितानंच अशक्य आहे त्याची हमी देऊन हा माणूस घराघरांत अपराधीपणा वाटतो आहे. एफसीवर दरवर्षी पालक येतात, ‘मॅडम, ८८ टक्के पडलेत, कुठेही मिळेल ना?’ म्हणतात, आणि हातात ८८ पर्सेंटाइलचं स्कोअरकार्ड असतं. आधीच एवढा गोंधळ आहे. त्यात ही भर.

झोपेचं तर विचारूच नका. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संघटना २०१६ पासून सांगते आहे. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेच झोपेत. भाचा त्या दुपारी आयनिक समतोलावरची गणितं सोडवत होता. बफरचा पीएच काढायचं एक गणित त्यानं माझ्यासमोर पूर्ण केलं. उत्तर बरोबर. मग माझं लक्ष शेजारच्या पानावर गेलं. तेच गणित, तेच आकडे, त्याच अक्षरात, सकाळी सोडवलेलं. त्याला आठवतच नव्हतं. सोळा तासांतले किती तास असे जात असतील याचा हिशोब दाजींनीच करावा. आणि शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचना क्लासवाल्यांनासुद्धा दिवसाला पाच तासांच्या वर शिकवू नका म्हणतात.

‘मोबाइल, मित्र, खेळ दोन वर्षं पूर्ण बंद’ या दुसऱ्या सूत्रात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. मोबाइल वेळ खातो. माझ्या वर्गातली पोरं रात्री दीडपर्यंत रील बघतात आणि सकाळी पहिल्या तासाला पेंगतात. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, हा नियम घरात जरूर करा, फक्त मोठ्यांचेही फोन तिथेच ठेवा. पण त्यासाठी सायकलची हवा काढायची गरज नव्हती. आठवड्यातले ते तीन तास तो फोनपासून लांबच होता.

‘बारावीच्या मार्कांना आता किंमत नाही, कॉलेजला पाठवू नका, फक्त क्लास.’ यातही तेवढंच अर्धसत्य. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात क्रमांक सीईटीच्या स्कोअरवर लागतो, बारावीच्या नाही. पण पात्रता बारावीवरच आहे: खुल्या गटाला पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. जेईईतून एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत, जायचं तर बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं (अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के). नीटला खुल्या गटासाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के. कॉलेजला पाठवलंच नाही तर प्रॅक्टिकलचे मार्क आणि जर्नल कोण आणणार? सीईटीचे सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्याच अभ्यासक्रमावर असतात, उरलेले अकरावीवर. दोन्ही अभ्यास वेगळे नाहीतच.

‘कॉम्प्युटरशिवाय कुठलीही ब्रांच घेऊ नका’ यावर फार लिहीत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून नाशिकला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क १-ए या लढाऊ विमानानं उड्डाण केलं. त्यामागे धातू, इंजिनं, वीज, इलेक्ट्रॉनिक्स अशा सगळ्या शाखांची माणसं आहेत, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रोज त्याच शाखांची माणसं कामाला जातात. नीटवाल्यांचंही तेच. २०२५ च्या नीटला २२ लाखांवर मुलं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. फिजिओथेरपी, आयुर्वेद, नर्सिंग, या सगळ्यांचं विद्यापीठ आपल्या दिंडोरी रोडवर म्हसरूळलाच आहे. मुलाला काय आवडतं ते त्याला विचारा, आणि उत्तर आलं तर मधे बोलू नका.

सहावं सूत्र ऐकून मात्र मला रडू यायचं बाकी राहिलं: ‘कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये पाचच कॉलेजं भरा. जास्त भरली की कॉम्प्युटर मुद्दाम खालचं कॉलेज देतो.’ कॅप म्हणजे राज्याची एकत्रित प्रवेश प्रक्रिया, आणि तिच्यात असं काहीही होत नाही. यादी वरून खाली तपासली जाते. पहिलं कॉलेज मिळू शकत असेल तर तेच मिळतं, नसेल तर दुसरं पाहिलं जातं. विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचायची वेळ वरची एकोणीस मिळत नसतील तरच येते. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात ते याचसाठी. दिंडोरीकडची एक मुलगी वडिलांबरोबर माझ्या टेबलाशी आली होती. पाच पर्याय भरलेले, पहिल्या दोन्ही फेऱ्यांत काहीच लागलं नाही. तिसऱ्या फेरीला आम्ही बसून यादी वाढवली. लागलं, पण तिच्या स्कोअरला जे कॉलेज पहिल्या फेरीत सहज मिळालं असतं तिथल्या जागा तोवर भरल्या होत्या. वडील मला म्हणाले, ‘मॅडम, तसं व्हॉट्सॲपवर लिहिलेलं होतं हो.’

यात खरोखर जपायची गोष्ट आहे ती क्रमाची. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणून जिथे जायचंच नाही ते कॉलेज वर टाकू नका. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचा.

शेवटचं सूत्र म्हणतं, ‘कॅपची वाट पाहू नका, आत्ताच टोकन भरून मॅनेजमेंटची सीट बुक करा.’ सगळा मेसेज कशासाठी लिहिला असावा ते मला इथे कळलं. निफाड, सिन्नर, चांदवडकडून येणाऱ्या मुलींच्या पालकांनी हे नीट वाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, घेतला की ही सवलत गेली. टोकन भरायच्या घाईत चार वर्षांची फी अंगावर घेऊ नका.

या सात सूत्रांत ज्याचा उल्लेखही नाही ते कागदपत्रांचं काम आत्ता करायला हवं. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. जून-जुलैत दाखले देणाऱ्या सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात आणि चांगल्या स्कोअरची मुलं एका कागदासाठी खुल्या गटात ढकलली जातात. मी ताईला विचारलं, वैधतेचा अर्ज दिला का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिलेला नव्हता. कपाटातली फाइल काढून आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत बसलो. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत सापडली, दाजींच्या चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र उद्या गावाहून येईल. कॉलेजच्या पत्रासाठी दाजी सोमवारी अर्धी सुट्टी टाकणार आहेत.