मागच्या बाजूकडेही पाहावे

फ्रान्समधील आयफेल टॉवर, नोत्र दाम चर्च आणि माँ सँ-मिशेल बेट यांच्या जुन्या पोस्टकार्डांचा काळ टपालशिक्क्यावरून ठरवावा, असे आपण प्रसिद्ध केलेल्या जुन्या पोस्टकार्डांवरील लेखात सुचवले आहे. परंतु शिक्का केवळ कार्ड कधी पाठवले गेले तेवढेच सांगतो. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेली कार्डे पुष्कळ उशिरा टपालात पडत असत. त्याहून भरवशाची खूण कार्डाच्या मागच्या बाजूस सापडते. फ्रान्समध्ये 1903 च्या अखेरपर्यंत ती संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव असल्यामुळे लोक मजकूर चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत, कधी तर थेट आकाशावरच लिहीत, आणि त्यानंतर मधोमध रेघ येऊन डावा भाग मजकुराला मिळाला. चित्रावरच्या त्या दाटीवाटीच्या ओळींमुळे कार्ड 'खराब' ठरवून त्याची किंमत कमी करणारे विक्रेते पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

चित्रही पुरावा देते. टॉवरच्या कमानीतून नदीपलीकडे दोन उंच मनोरे असलेला त्रोकादेरो राजवाडा दिसला, तर छायाचित्र पॅरिसमधील 1878 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ती वास्तू 1937 च्या प्रदर्शनाकरिता बदलण्यापूर्वीचे आहे, हे निश्चित. रंगांवर मात्र विसंबू नये, कारण कृष्णधवल छायाचित्रावर ते बहुधा नंतर चढवलेले असत. शक्य असल्यास लेखकांनी कार्डांच्या मागच्या बाजूंची छायाचित्रेही द्यावीत, ही विनंती.