नताशा केलर आणि पाच ऑलिम्पिक

जर्मनीच्या हॉकीपटू नताशा केलरबद्दल कुठेही वाचा, सुरुवात तिच्या आजोबांपासून होते. एर्विन केलर. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंदांच्या भारताने ज्या जर्मन संघाला ८-१ ने लोळवलं, त्या संघातले. रौप्यपदक. मग वडील कार्स्टन, १९७२ म्युनिक, सुवर्ण. सावत्र भाऊ आंद्रेआस, १९९२ बार्सिलोना, सुवर्ण. धाकटा भाऊ फ्लोरियान, २००८ बीजिंग, सुवर्ण. आणि मधे कुठेतरी नताशा, २००४ अथेन्स.

मग ठरलेलं वाक्य येतं: "हॉकी तिच्या रक्तातच होती."

मला हे पटत नाही. आजोबा आणि वडील पदकं मिळवत होते तेव्हा ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकी नव्हतीच! ती आली १९८० मध्ये. घरातल्या पुरुषांनी मळलेली वाट तिच्यासाठी आयती नव्हती.

आणि तिची कारकीर्द बघा की. जर्मनीसाठी चारशेहून जास्त सामने, दोनशेहून जास्त गोल. १९९९ मध्ये जगातली सर्वोत्तम खेळाडू. १९९६ ते २०१२, सलग पाच ऑलिम्पिक. तेही अशा देशात, जिथे राष्ट्रीय संघातल्या मुलीसुद्धा शिक्षण किंवा नोकरी सांभाळून हॉकी खेळतात. फुटबॉलपुढे हॉकीला तिथे विचारतो कोण?

पाचपैकी पदक एकदाच. पण काय पदक! अथेन्समध्ये साखळी सामन्यात नेदरलँड्सने जर्मनीला ४-१ असं हरवलं होतं. उपांत्य फेरीत चीनविरुद्ध सामना पेनल्टी स्ट्रोक्सपर्यंत गेला. आणि अंतिम सामन्यात समोर पुन्हा नेदरलँड्सच. या वेळी २-१, जर्मनीच्या बाजूने.

बाकी हिशेब म्हणजे बीजिंगला चौथा क्रमांक आणि २०१२ ला लंडनमध्ये सातवा. त्याच लंडनमध्ये उद्घाटन सोहळ्यात जर्मनीचा झेंडा तिच्या हातात होता. चार वर्षांपूर्वी तो बास्केटबॉलच्या डर्क नोवित्स्कीकडे होता, म्हणजे केवढा मान ते कळेल. त्या स्पर्धेनंतर ती थांबली.

सातव्या क्रमांकाने शेवट झाला म्हणून हळहळणारेही भेटतात. त्यांना मी आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेची आठवण करून देतो. चार ऑलिम्पिक, पदक एकही नाही, आणि शेवटचं ऑलिम्पिक हेच अथेन्स, तिथेही भारत सातवा. धनराजला कमी लेखायची हिंमत आहे का कुणाची?