स्वतःच्या शोधात मराठवाडा

एकट्याने फिरायचं ठरवलंत ना? अभिनंदन. जैसलमेर झालं, वाराणसी झाली, हम्पीत सायकल चालवून झाली, तरी तुम्ही स्वतःला सापडला नाहीत. आता उरला मराठवाडा. यादवांपासून निजामापर्यंत सगळे इथे येऊन गेले, किल्ले, वेशी, बारवा जिथल्या तिथे टाकून गेले, आणि त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढायला रांग म्हणून लागत नाही.

पहिली सूचना अशी की काहीही वाचून येऊ नका. वाचलं की प्रश्न पडतात, प्रश्न पडले की कुणाला तरी विचारावं लागतं, आणि इथल्या माणसाला एक प्रश्न विचारला की तो तुम्हाला दहा विचारतो. संपली सोलो ट्रिप.

छत्रपती संभाजीनगरात मुक्काम ठोका आणि सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ असा बेत आखा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. एवढा एकांत तुम्हाला दुसरीकडे कुठेही मिळायचा नाही. बंद फाटकासमोर पाठमोरे बसा, नजर डोंगराकडे लावा आणि फोटोखाली लिहा, ‘काही दारं आतूनच उघडावी लागतात.’ वेरूळला आत चौतीस लेणी आहेत, त्यांतलं कैलास अखंड डोंगर वरून खाली फोडत आणलेलं आहे, वगैरे. ते राहू द्या. त्यात तुम्ही कुठे आहात?

बीबी का मकबऱ्याला ‘मिनी ताजमहाल’ म्हणून मोकळे व्हा. आत कोण झोपलंय हे विचारण्याची गरज नाही. दिलरस बानू हे औरंगजेबाच्या बेगमेचं नाव हॅशटॅगला जड जातं. भिंतींना संगमरवर कंबरेएवढाच का आणि वर चुन्याचा गिलावा का, हेही बघू नका, कारण ते बघायला भिंतीजवळ जावं लागतं आणि मग मागचा घुमट फ्रेममध्ये येत नाही. तो बांधणारा अताउल्ला हा ताजमहाल उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाच्या कामाशी आयुष्यभर तुलना होण्याचं दुःख तुमच्याइतकं कुणाला कळणार? पण असू दे, तुम्ही स्वतःचं दुःख घेऊन आला आहात.

दौलताबादला मात्र जपून. एकट्याने प्रवास ही कल्पनाच ज्याला मानवली नसती असा माणूस इथे होऊन गेला. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथे आणायची ठरवली, तेव्हा तो स्वतःला शोधायला एकटाच निघून आला नाही. दरबारी, उलेमा, सूफी, त्यांची बायकापोरं, सगळ्यांना चालत आणलं. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, त्याच्याच लष्कराच्या भटारखान्यातला, असं शहरात सांगतात. खरं-खोटं तो तुघलक जाणे, पण तो अजूनही डेगीतच शिजतो. एका माणसापुरता तो करायला कुणी चूल पेटवत नाही. तेव्हा तुम्ही आपला कॅफे शोधा.

त्या तुघलकाच्याच काळात इब्न बतूता नावाचा गृहस्थ इथे आला होता. हा मूळचा तुमच्या जातकुळीचा. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी टँजिअरच्या घरातून एकटाच निघालेला, ना सोबती ना काफिला. पण पुढे पार बिघडला. दौलताबादेत पोचला तेव्हा सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला होता, लवाजमा घेऊन. आणि लिहिलं काय? तर किल्ल्याच्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, हे तिथे कैद भोगून आलेल्या एका सरदाराकडून ऐकून! शिवाय गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा बाजार कसा भरतो, तिथल्या दुकानांना गालिचे कसे घातलेले असतात, हे सगळं. प्रवास स्वतःचा आणि कौतुक दुसऱ्यांच्या दुकानांचं. किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारातून वर चढताना त्यालाच काय, स्वतःलाही विसरायला होतं, इतका काळोख असतो. म्हणून मोबाइलचा दिवा चालू ठेवा, तोंडावर धरून.

मलिक अंबरकडे तर फिरकूच नका. आजचं संभाजीनगर त्याने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं. भडकल दरवाजा त्याचाच. हा माणूस हबशी मुलखातून लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार, मालकामागून मालक करत समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला. नात्याचं, ओळखीचं, बोलीचं कुणी बरोबर नाही. याच्याइतका सोलो प्रवासी मराठवाड्याने दुसरा पाहिला नसेल. आणि इथे येऊन त्याने शोधलं काय? पाणी. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं, परक्या लोकांच्या घागरी भरल्या. अशा माणसाशी तुलना नको. त्याची कबर खुलताबादेत आहे, पण तिथे जाऊन तुमचा आत्मविश्वास खचेल.

धाराशिवजवळचं तेर टाळलंत तरी चालेल, किंबहुना टाळाच. तिथे एकही ‘स्पॉट’ नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं. बैलगाडीने दहा दिवस! तुम्ही एसटी बदलत बदलत एका दिवसात पोचाल आणि तरी ‘कनेक्टिव्हिटी नाही’ म्हणून कुरकुराल. पोचून पाहायचं काय? विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं संग्रहालय. त्यात एक हस्तिदंती बाई आहे, पाँपेईच्या राखेत सापडलेल्या बाईची थेट बहीण शोभेल अशी. रोमपर्यंत ज्या गावाची ऊठबस होती त्या गावात तुम्ही नेटवर्क शोधत फिराल, त्यापेक्षा घरी बरे.

मुक्कामाचं सांगायचं राहिलं. तालुक्याच्या गावी लॉजवर एकटा पुरुष खोली मागायला आला की काउंटरवरच्या माणसाचं मत तयार असतं, घरी भांडून आलाय. तो आधारकार्ड दोन वेळा बघतो, कारण विचारतो आणि ‘किल्ला बघायला’ हे उत्तर त्याला अजिबात पटत नाही. तुम्ही बाई असाल तर प्रश्नच मिटला. खोली नसतेच. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे धाराशिवपर्यंत तुम्ही निम्म्या पैशात पोचता; पण रात्री टेकायचं तर अजून बऱ्याच ठिकाणी पूर्ण नवरा दाखवावा लागतो. ‘फॅमिली असंल तर देतो, मॅडम.’ हेही साहस म्हणूनच घ्या. परदेशी पाहुण्या याला ‘ऑथेंटिक’ म्हणतात.

आणि शेवटचा, सगळ्यात मोठा धोका म्हणजे बस. तुळजापूरहून नळदुर्गाला निघाला असाल, किल्ल्यातला पाणीमहाल पाहायचा असेल, तर खिडकीची जागा पकडा, कानांत इअरफोन घाला, झोपेचं सोंग घ्या. काही उपयोग होणार नाही. शेजारचे काका इअरफोनच्या वायरीकडे बघत विचारतीलच, “पाव्हणं, कुठलं गाव म्हणायचं?”

“पुणे.”

“पुण्यात कुठं? आमचा भाचा हडपसरला हाय.”

तुम्ही मान हलवाल. तेवढ्याने भागत नाही.

“एकटेच आलाव? मंडळी?”

“लग्न नाही झालं अजून.”

इथे तुम्ही संपलात. पुढच्या तीन थांब्यांत आडनाव, शिक्षण, नोकरी कायमची का कंत्राटी, घर स्वतःचं का भाड्याचं, वडिलांना शुगर आहे का, हे सगळं बाहेर येईल. मग काका पुढच्या सीटवरच्या माणसाला हाक मारतील आणि दोघं तुमच्यादेखत तुमच्याविषयी बोलू लागतील. मेव्हण्याची पोरगी एमएस्सी झालीय. पत्रिकेचं एवढं मानत नाहीत ते. फोन नंबर द्या, बायोडाटा पाठवा, किल्ला कुठं पळून चाललाय का, आधी आमच्याकडं चला, ज्वारीचा हुरडा हाय शेतात. तुम्ही ‘मला जरा एकटं राहायचंय’ असं म्हणून बघा. काका गंभीर होऊन विचारतील, “का? कुणी काय बोललं का?”

आपल्या गावाच्या फाट्यावर ते उतरतील. पुढच्या टायमाला जोडीनं या, आई भवानीच्या पाया पडायला, असं खिडकीतून ओरडून सांगतील. तुम्ही तिकीट काढायला कंडक्टरला हाक माराल, तर त्यांनी ते मघाशीच काढून ठेवलेलं असेल.