या पोरांनो, शेती करा!

बारावी झाली असेल, पदवी झाली असेल, तर आता इकडेतिकडे बघू नका. शेतीत या. परवा सोलापुरात एका मंगल कार्यालयात ‘युवकांनो, शेतीकडे वळा’ असं मार्गदर्शन झालं. फेटे झाले, शाली झाल्या, मग एका साहेबांनी नोकरीच्या मागं लागू नका म्हणून पाऊण तास सांगितलं. साहेबांचे चिरंजीव हिंजवडीला आहेत, हे जेवताना त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांच्याकडून काही सूचना राहून गेल्या, तेवढ्या मी देतो.

जमीन सामाईक सातबाऱ्याचीच बघा. पीककर्जासाठी सह्या गोळा करताना सगळे चुलते भेटतात.

पाण्याची काळजी नको. उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये जातं खरं, पण 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं घरपोच पाणी दिलं. पार चुलीपर्यंत.

मोटर रात्री चालू करायची सवय लावा. दिवसा झोप चांगली लागते.

डाळिंब लावा. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. तेल्या रोगाला हे अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

ऊस तर लावाच. बिल 14 दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यायचं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मुलाची फी भरायच्या दिवशी हा आदेश शाळेत वाचून दाखवा.

आणि कांदा. कांद्याला तोड नाही. रोप टाकायचं, लावायचं, खुरपायचं, फवारायचं, काढायचं, कापायचं, भरायचं आणि रात्री टेम्पोत घालून मार्केट यार्डात न्यायचं. सकाळी लिलाव येतो. व्यापारी पिशवीत कोपरापर्यंत हात घालतो, तळातला बारकाच कांदा नेमका वर काढतो, अंगठ्यानं साल चोळतो आणि म्हणतो, “पत्ती नाही ओ मालक.” अर्ध्या मिनिटात चार महिन्यांचा भाव ठरतो. गेल्या आठवड्यात माझा ठरला: 20 क्विंटल, 300 रुपयांनी. झाले 6,000. हिशेबाच्या पट्टीवर खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं. वजा जाता 3,400 रुपये, तेही पुढच्या तारखेच्या चेकनं. काढणीच्या बायांची मजुरी मी त्याच्या आधीच रोख दिली होती. नुसतं बारदानच बाराशेचं! बरं, भाव चढला असता तर? 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद. म्हणजे पडला तर तुमचं नशीब आणि चढला तर देशाची महागाई! शहरात भाव वाढला की टीव्हीवाले बाजारात धावतात. ते 3,400 चा चेक बघायला कोण आलं का? आणि हे साहेब पोरांना शेती करा म्हणून सांगतात…

असो. लग्नाचं राहिलं. 2022 च्या डिसेंबरात बिनलग्नाची पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली होती. शेतीत वरातीची हौस अशी भागते.

जाऊ दे, हे उपरोधाचं मला झेपत नाही. साहेब, तुम्हाला शेतकरी पोरगं पाहिजे, पण दुसऱ्याचं. जावई तर नकोच नको. रानात राबायला आमची पोरं घाबरत नाहीत. माझा पुतण्या शेतकीची पदवी घेऊन ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरतो, घरातल्या कुणापेक्षा त्याला ते जास्त कळतं. त्याला भाषण नको आहे. दिवसा वीज द्या, उसाचं बिल वेळेत द्या, पीक काढणीला आलं की रात्रीतून फर्मान काढू नका. यातलं एक तरी काम करायला वरच्यांना सांगा, तुमच्या ओळखी आहेत. तेवढीही धमक नसेल तर आमच्या पोरांना शहाणपण शिकवू नका. आणि त्या दिवशी ताटात कांदा मागून घेत होता ना तीन-तीनदा? त्याचा भाव तरी विचारायचा होता.