म्हणे फक्त शेवाळ खातो!

रात्री पावणेदोनला पाणी प्यायला उठलो आणि सवयीनं खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या काचेच्या टाकीवर टॉर्च मारला. तर खेकडेसाहेब माझ्या झोआंच्या (फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे भाऊबंद) चकतीवर मांडी ठोकून बसलेले. डावा डेंगा तोंडात, उजवा डेंगा तोंडात, परत डावा. आये सीरियल बघत वालाच्या शेंगा सोलते ना, तसा निवांत कार्यक्रम चाललेला. केशरी तोंडं, कडेला हिरवी झालर. दोनाची अकरा व्हायला आठ महिने गेले होते. सकाळी मोजली, सात! बरं, उजेड पडल्यावर लाजेनं पळावं तरी? एक तुकडा तोंडात धरून हा आडवा चालत दगडामागे गेला, जेवण झाल्यावर बडीशेप घेऊन उठल्यासारखा. काही झोआंमध्ये जहाल विष असतं म्हणून मी हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावत नाही, आणि हा चाखून बघतोय.

एमराल्ड खेकडा. विकताना काय शब्द होते? ‘शंभर टक्के रीफ सेफ, साहेब, म्हणजे प्रवाळाला धोका नाही. फक्त शेवाळ खातो.’ सकाळी सातला त्याच माणसाला फोन लावला तर म्हणतो, ‘तुम्ही उपाशी ठेवला असणार.’ म्हणजे झालं, चूक माझी! मग पुढे, ‘खेकडाच तो शेवटी, मोठा झाला की सांगता येत नाही.’ अरे मग हे पैसे घेण्याआधी सांगायला तोंडाला काय कुलूप होतं? हा शेवाळ खातो, शेवाळ संपलं की मासळीचे तुकडे खातो, तेही नसले की हाताला लागेल ते. झोपलेला छोटा मासासुद्धा. याला ‘सेफ’ म्हणतात? मग आमच्या गल्लीतली मांजरंही सेफच, ताटात मासा नसेल तोवर.

आयेला सांगितलं तर तिनं विळीवरून मानही वर केली नाही. ‘कुर्ली कधी शेवाळ खावन जगता काय रे? गावात ता खाता ती.’ म्हणजे, मिळेल ते. पन्नास वर्षं कुर्ल्या साफ केलेली बाई घरात असताना मी सल्ला मागितला मुंबईच्या दुकानदाराला.

आणि हा काय पहिला नव्हे. मागच्या वर्षी शंखातले चार खेकडे आणले होते, तेही ‘साफसफाई पथक’ म्हणून. चौघांनी मिळून माझ्या सहा गोगलगायी मारल्या. खायला एक वेळ समजू शकतो, पण शंख बळकवायला? खोली पसंत पडली म्हणून भाडेकरूनं मालकाचा खून करावा तसं. रिकामे शंख टाकून ठेवले होते ना बाजूला! नाही, राहत्या घरातलाच पाहिजे.

वर लोकांचे प्रश्न. ‘मालवणात राहून खारं पाणी बादलीत कशाला कालवतोस? समुद्र काय आटला?’ पावसाळ्यात तुम्ही आणून द्या ते खाडीचं गढूळ पाणी, विशिष्ट गुरुत्व समुद्रासारखं १.०२५ वर आणून दाखवा, मग बोलू. ‘मग किल्ल्याजवळचं प्रवाळच आण की एक.’ अहो, ते १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे! आणि येणारा प्रत्येक पाहुणा काचेवर टकटक करून विचारतो, ‘यातला खायचा कुठला?’ त्यांना काल रात्री उठवायला हवं होतं. एकाला तरी उत्तर मिळालं होतं.

आता खरं सांगायचं तर (रागात आहे, पण खोटा नाही) हा आला तेव्हा दगडांवर शेवाळाचे हिरवे फुगेच फुगे होते. वाटाण्याएवढा तो फुगा म्हणजे म्हणे एकच पेशी. याच्या डेंग्यांची टोकं चमच्यासारखी असतात, खरवडायलाच केलेली. तीन आठवड्यांत दगड लख्ख. काम चोख केलं त्यानं. आणि फुगे आले का? तर मी माशांना दिवसातून तीनदा लाडानं भरवत होतो म्हणून. मग फुगे संपले आणि त्याच सुमारास मी शहाणपणानं खाणं कमी केलं. म्हणजे तो दुकानदार... जाऊ दे. त्याचं बरोबर आहे असं मी लिहिणार नाही.

पकडायला बाटली कापून सापळा केला, आत बांगड्याचा तुकडा. तासाभरानं बघतो तर बाटलीत माझी गरीब बिचारी कोळंबी अडकलेली आणि खेकडा बाटलीच्या डोक्यावर बसून तिच्याकडे बघतोय. दुपारी आयेनं मुद्दाम कुर्ल्यांचं कालवण केलं. मी सूड म्हणून दोन डेंगे जास्त फोडले. जीभ भाजली.

आता साडेबारा वाजलेत आणि लाईट गेलीय, अर्थातच. पंप बंद. बॅटरीवरचा हवेचा पंप घुरघुरतोय आणि मी खुर्ची टाकून टाकीसमोर, हातात चिमटा, गळ्यात टॉर्च. आत्ताच मारून बघितला.

सहा.