‘एका मशीनवर चाललं म्हणजे सगळीकडं चालतं’ हे खरं नाही

कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोड एकच असेल तर निकालही एकच, म्हणून एका चांगल्या कॉम्प्युटरवर ऑटोमेटेड टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) पास झाल्या की काम संपलं. फोनसाठी इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच चालणारा नकली फोन, पुरतो. ढीगभर उपकरणं मांडून टेस्ट चालवणं हा बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांचा खर्च, शिवाय उपकरणांच्या सगळ्या जुळण्या तपासणं तसंही अशक्य. आणि काही राहिलंच तर ग्राहक फोन करतो, आपण अपडेट सोडतो.

मी दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी कधीतरी स्वतः मानलेलं आहे, आणि ते महागात पडलेलं आहे.

‘कोड एकच, निकाल एकच’ यापासून सुरू करू. आमचं सॉफ्टवेअर आधी संस्थेतल्या साध्या पीसीवर चालायचं. नंतर वीज आणि जागा वाचावी म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची पेटी दिली. सी भाषेतला तोच कोड पुन्हा कंपाइल केला, म्हणजे पेटीच्या प्रोसेसरला कळेल अशा रूपात आणला. माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. कागल तालुक्यातल्या एका संस्थेत पहाटे साडेपाचला पहिली किटली काट्यावर चढली. वजन यायला हवं होतं ४.२० किलो, पडद्यावर आलं ६.७६. किटलीवाले आजोबा पडद्याकडं बघत म्हणाले, ‘म्हैस तीच, वैरण तीच, आन् दूध अडीच किलोनं वाढलं व्हय? थांबवा की ओ हे.’ दहा दिवसांच्या बिलात त्यांचा फायदाच झाला असता. तरी संकलन त्यांनीच थांबवायला लावलं.

काट्याची शून्य-दुरुस्ती होती उणे ३, म्हणजे तीस ग्रॅम वजा. ती मी ‘कॅर’ प्रकारच्या एका बाइटमध्ये, म्हणजे २५६ किमती मावतील एवढ्याच जागेत, ठेवली होती. कॅर चिन्हासह धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेच्या मानकानं कंपायलरवर सोडलेलं आहे. इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या पीसीवर तो सहसा चिन्हासह असतो, म्हणून उणे ३ हे उणे ३ च राहतं. पेटीतल्या आर्म प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये तो चिन्हाविना असतो आणि तोच बाइट २५३ (२५६ वजा ३) वाचला जातो. ४.२३ मधून ०.०३ वजा व्हायच्या जागी २.५३ मिळवले गेले. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली: प्रकार स्पष्टपणे ‘साइन्ड’, म्हणजे चिन्हासह, लिहायचा. पण आर्मची एक पेटी टेबलावर ठेवून त्याच टेस्ट तिच्यावर चालवल्या असत्या, तर ती पहाट आलीच नसती.

इम्युलेटर मीही रोज वापरतो. तो जलद आहे, बटणाची जागा आणि स्क्रीनचा आकार तपासायला उत्तम आहे. पण अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेल्या फोनला झोपवणारी ‘डोझ’ सोय आली. तिच्यावर प्रत्येक फोन कंपनी आपापली बॅटरी-बचत चढवते, आणि ती चढवलेली बचत इम्युलेटरमध्ये नसते. सचिवांच्या खिशातल्या फोनवर संध्याकाळचा डेटा सर्व्हरला का गेला नाही, याचं उत्तर त्याच फोनवर मिळतं.

प्रिंटरचंही तसंच. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट सहसा नसतो, म्हणून सभासदाचं नाव चित्र करून पाठवावं लागतं. ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके मावतात. ८० मिलिमीटरसाठी आखलेली पावती त्यावर सोडली, तर उजवीकडचा रकाना कापला जातो, आणि उजवीकडं आपण रक्कम छापतो.

मोठ्या कंपन्यांचा खर्च? एसक्यूलाइट हा डेटाबेस जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. तो सांभाळणारा मूळ संघ बोटांवर मोजण्याइतका आहे. तरी त्यांच्याकडं मूळ कोडच्या कित्येकशे पट टेस्टचा कोड आहे, आणि वेगवेगळ्या प्रोसेसरांवर, ऑपरेटिंग सिस्टिमांवर तो चालवल्याशिवाय ते आवृत्ती सोडत नाहीत. आमच्याकडं उद्यमनगरात एका प्लायवूडच्या फळीवर दोन पेट्या, एक जुना पीसी, चार वापरलेले फोन आणि तीन प्रिंटर आहेत. काटे आणि दुधातलं फॅट मोजणारी मशीन सगळी विकत घ्यायची गरज नाही. खऱ्या यंत्राकडून सिरियल पोर्टवर, म्हणजे त्याची केबल जोडतात तिथं, येणारे बाइट एकदा नोंदवून ठेवले की रात्री तेच सॉफ्टवेअरकडं पुन्हा सोडता येतात.

सगळी जुळणी तपासणं अशक्य असल्याचा मुद्दा मात्र खरा आहे. चार कॉम्प्युटर, चार काटे, तीन फॅट मशीन, पाच प्रिंटर धरले तर २४० जुळण्या होतात. म्हणून जोड्या धरायच्या: कुठलीही दोन उपकरणं निदान एकदा एकत्र यावीत, एवढंच बघायचं. तेवढं वीस-पंचवीस जुळण्यांत बसतं. त्यात तीन उपकरणं एकत्र आली तरच दिसणारा दोष निसटू शकतो, हे मान्य.

‘ग्राहक फोन करेल, आपण अपडेट सोडू’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकदम गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. फाइल कंपनीनं दीड तासाच्या आत मागं घेतली होती. पण जी मशीन सुरूच होत नाही तिला अपडेट पोचणार कसं? माणसं मशीनपाशी जाऊन हातानं फाइल काढत बसली. आमच्या बाबतीत मशीनपाशी जाणं म्हणजे मोटारसायकलवरून भुदरगड, आजरा, चंदगड. आणि तोवर तिथल्या दोन वेळच्या दुधाचा हिशेब वहीत.

फळीवर आता एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा विजेचा स्विच, बसवलाय. डेटाबेसमध्ये नोंद चालू असताना तो पेटीची वीज मधेच तोडतो, पुन्हा जोडतो, आणि शेवटची पावती शाबूत आहे का ते टेस्ट बघते. रात्रभरात असं दोनशे वेळा होतं. पेटी बदलली की हीच टेस्ट आधी चालते, मग ती गावाला जाते.