मशीनची शाकारणी

आउटबोर्ड मशीनच्या, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाच्या, माहितीपुस्तकात हिवाळ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. थंडी पडायच्या आत मशीनमधलं पाणी काढून टाका, नाहीतर ते आत गोठेल, फुगेल आणि गिअरचं कवच तडकेल, असा इशारा ठळक अक्षरांत, वर चौकट घालून. मुंबईत सांताक्रूझला आजवरचं सगळ्यांत कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. त्या दिवशी मुंबईकर गोठले असतील. पाणी नाही.

आपला हिवाळा जूनमध्ये येतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. वर्सोव्याला होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. त्यातच एका कोपऱ्यात माझ्या मेव्हण्याची फायबरची छोटी होडी असते. मेव्हण्याला गळ टाकून मासे पकडायची हौस आहे. मासा पकडलेला कोणी पाहिलेला नाही, पण हौस आहे. होडी बिचारी ताडपत्रीखाली उलटी पडून राहते. तिच्या मागची ९.९ हॉर्सपॉवरची मशीन मात्र घर मागते. मेव्हणा दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिना लाकडी. "भाऊजी, तुमच्याकडे लिफ्ट आहे," एवढ्या एका वाक्यावर चाळीसेक किलोचा तो ऐवज माझ्या नावावर झाला.

फोर-स्ट्रोक मशीन कशीही आडवी करता येत नाही. ठरलेल्या कुशीवरच निजवायची, नाहीतर इंजिनातलं ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं. त्यामुळे ती रिक्षात आम्हा दोघांच्या मध्ये ताठ बसून आली. रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "विहिरीची का?" मेव्हणा हो म्हणाला. मग अंधेरीपर्यंत पाणी किती फुटांवर लागलं, थ्री फेज आहे का आणि हल्ली रात्रीचीच वीज कशी देतात, यावर आमची चर्चा झाली. मेव्हण्याने विहिरीला पाणी चांगलं लागल्याचंही सांगून टाकलं.

खरी अडचण पाण्याचीच. समुद्राचं पाणी मशीनच्या पोटातून फिरून तिला थंड ठेवतं आणि जाताना मीठ मागे ठेवतं. ते मीठ चार महिने आत राहिलं तर ॲल्युमिनियम खातं, नळ्या बुजवतं. म्हणून ठेवणीत टाकण्याआधी मशीन गोड्या पाण्यात चालवावी लागते. आता हे करायचं कधी, तर मे महिन्याच्या अखेरीस. म्हणजे भातसा, तानसा, मोडक सागर सगळे तळाला गेलेले असतात आणि पाणीकपातीची बातमी आलेली असते, नेमक्या तेव्हा. वर्सोव्याचे तांडेलमामा, ज्यांच्या भरवशावर हा सगळा संसार चालतो, त्यांना मी विचारलं की इथेच पिंपात धुऊ का. मामा म्हणाले, "पिंपभर गोडं पाणी? माझी बायको मला त्याच पिंपात बुडवील."

शेवटी आमच्या सोसायटीच्या आवारात, सकाळी नळ यायच्या वेळी, निळं पिंप मांडलं. पिंपाच्या काठावर फळी बांधून तिच्यावर मशीन कसली, पंख्याच्या वरची पट्टी बुडेल इतकं पाणी भरलं. आतला पाणी फिरवणारा रबरी इंपेलर कोरडा फिरला तर काही सेकंदांत जळतो, म्हणून मामा पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून उभे. मेव्हण्याने दोरी ओढली. मशीनच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून पाण्याची धार बाहेर पडली की आत पाणी फिरतंय असं समजायचं. ती धार पाहून शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं जे ओरडली ते इथे लिहिता येणार नाही.

धूर पाण्याखाली सुटतो, त्यामुळे पिंप उकळल्यासारखं खळखळत होतं. पाणी काळं होत चाललं. गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी लुंगीवर खाली आले.

"हे वाहन आहे."

"वाहन नाही हो, याला चाकं नाहीत."

"इंजिन आहे, पेट्रोल आहे, आवाज आहे. चाकं लावायची की नाही हा तुमचा प्रश्न." दुचाकीच्या दराने पार्किंगची पावती फाडूनच ते वर गेले. मशीन बेडरूममध्ये राहणार, हे त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

पेट्रोलचं निराळंच. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. म्हणून पेट्रोलची नळी काढून मशीन तशीच चालू ठेवायची. कार्बुरेटर रिकामा झाला की ती आचके देत आपोआप बंद पडते. टाकीतलं उरलेलं पेट्रोल मेव्हण्याने स्वतःच्या स्कूटरमध्ये ओतलं. या कामात मात्र त्याला लिफ्टची गरज भासली नाही.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा, आणि जे बाहेर येईल त्याचा रंग बघायचा. आमचं ऑइल कटिंग चहासारखं निघालं. मामांनी चेहरा असा केला की बाहेर बातमी सांगायला आलेल्या डॉक्टरांनीही करू नये. म्हणजे सीलमधून पाणी शिरलं होतं. पंखा उतरवला तर मागे दांड्याला मेव्हण्याचीच गळाची तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळलेली. तिनेच सील कापलं होतं. या मोसमात त्याच्या गळाला लागलेली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे त्याचीच मशीन. नवं सील बसलं, नवं ऑइल खालच्या भोकातून वर येईपर्यंत भरलं, प्लगच्या भोकांतून तेलाचा फवारा मारला, दांड्याला ग्रीस चोपडलं.

पाण्यावर चालणारं हे यंत्र १९०९ पासून धंद्यात यशस्वी करून दाखवलं ते अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड यांनी. गोष्ट अशी सांगतात की विस्कॉन्सिनच्या एका तळ्यावर भर उन्हात ते प्रेयसीसाठी होडी वल्हवत आइस्क्रीम आणायला गेले आणि परत येईपर्यंत ते वितळलं. तेव्हा त्या बाईंनी "असू दे, सरबत म्हणून पिते" एवढं म्हटलं असतं, तर आज माझ्या कपाटाचं डावं दार उघडलं असतं.

कारण मशीन तिथे उभी आहे, लाकडी घोडीवर. उभीच ठेवायची, आतलं उरलंसुरलं पाणी ओघळून जावं म्हणून. पहिले काही दिवस बायको तिच्याशी बोलत नव्हती, माझ्याशीही नाही. मग जुलै लागला, पावसाने झोड उठवली आणि घरातल्या दोऱ्या, खुर्च्या, दारं, पंखे सगळे ओल्या कपड्यांनी भरले. एके दिवशी मशीनच्या सुकाणूच्या दांड्यावर एक टॉवेल दिसला. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या तिन्ही पात्यांवर मोजे. कपडे अडकवायला इतकी सोयीची वस्तू आमच्या घरात यापूर्वी आलीच नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मेव्हणा मशीन न्यायला आला. बहिणीने दार अर्धंच उघडलं.

"आत्ता नको. तिच्यावर गाउन वाळतोय. दिवाळीत बघू."